दोन कपाटांतल्या गोळ्या

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चि. साहेब यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. फोन केला की तू हळूच म्हणतोस, "आत्या, मीटिंगमध्ये आहे," आणि मागून कपात चमचा ढवळल्याचा आवाज येतो. पत्राला मीटिंग सांगता येत नाही. ते टेबलावर पडून राहतं आणि येता-जाता डोळे वटारतं. शिवाय आमचं घर ते केवढं. फोनवर मी चार शब्द बोलले की तुझा बाप पलीकडच्या खोलीतून ओरडतो, "कोण गं, आक्का?" त्याचे कान तेवढे शाबूत आहेत, कारण कानाचा डॉक्टर अजून आपल्यापैकी कुणी गाठलेला नाही.

इकडे सगळं ठीक. लिफ्ट पुन्हा बंद पडली आहे. दुरुस्तीवाला येतो, तिच्या तोंडाकडे बघतो, मान हलवतो आणि जातो. तुमच्या डॉक्टरांचाच भाऊबंद दिसतो. मी दर मजल्याला थांबत वर येते. खालची शिंपीण विचारते, "काय हो आत्या, दम लागला?" मी म्हणते, "छे गं, तुझ्या दाराचा रंग बघतेय."

तुझं पार्सल पोचलं. गोळ्या मोजून घेतल्या, स्वयंपाकघरातल्या कपाटात चहाच्या डब्यामागे ठेवल्या. त्यासोबतचं ते मनगटावर बांधायचं यंत्रही पोचलं. काय रे हे? दिवसातून चारदा ते किंचाळतं, "ठोके अनियमित आहेत." अरे, तुझ्या बापाचे, गुंड्याचे ठोके अनियमित आहेत हे आम्हाला केव्हापासून ठाऊक आहे. त्यासाठीच तर तुझ्या हृदयवाल्याकडे जातो. घरात चोर शिरलाय हे सांगायला शेजारी रोज दार वाजवतो, पण चोर पकडायला येत नाही, त्यातली गत. एकदा गंमत म्हणून मी ते माझ्या हाताला बांधलं, तर माझ्या हातावरही तेच किंचाळलं. म्हणजे बघ काय लायकीचं यंत्र. तेव्हापासून ते फडताळात उताणं पडलंय.

आता तुझ्या हृदयवाल्याविषयी. मागच्या वेळी मी सोबत गेले होते. बाहेर तासन्‌तास बसवलं, आत गेल्यावर त्याने गुंड्याच्या छातीशी काय ते दोन शब्द बोलून घेतले. छातीच्या वर माणसाला तोंड असतं, हे त्याच्या गावीही नाही. गुंड्या म्हणाला, "डॉक्टर, पायाला सूज येते." तर म्हणतो कसा, "पाय माझ्याकडे येत नाहीत." जसं काही आम्ही पाय घरी ठेवून आलो होतो! मी म्हटलं, "याला साखरही आहे, मूत्रपिंडं दमलीत, गुडघे दुखतात." तो हसला. म्हणाला, "या वयात असायचंच." एवढं सांगायला त्याला भिंतभर पदव्या लागल्या. मला तर ते शाळेत न जाताच कळलं होतं.

एक ना धड, भाराभर चिंध्या. तुझ्या बापाची जिवंतपणी वाटणी झाली आहे, बाळा. हृदय तुझ्या डॉक्टरकडे. साखर आणि मूत्रपिंडं "तिच्या" डॉक्टरकडे. गुडघे बिनवारस होते, ते शिंप्याने सांगितलेल्या कुठल्याशा हाडवाल्याकडे. आणि तुझ्या गोळ्या एका कपाटात, तिच्या दुसऱ्या. तू येतोस त्या रविवारी निजायच्या खोलीतलं कपाट बंद. ती येते त्या रविवारी स्वयंपाकघरातलं बंद. ही व्यवस्था गुंड्याने लावली आहे, आणि किल्ल्या त्याच्याच खिशात असतात. मला वाटायचं, म्हातारा झाला, खेळतोय.

बहिणीचं नाव काढलं म्हणून आता पत्र खाली ठेवू नकोस. तुमच्या आईला जाऊन चार वर्षं होतील. तू म्हणतोस, तिने आईच्या उपचारांना उशीर केला. ती म्हणते, तू घाई केलीस. दोघंही पन्नाशीला टेकलात, आणि उशीर-घाईवरून लंगडीतल्या पोरांसारखे भांडता. मी मध्ये पडत नाही. पडायला माझी हाडं उरलेली नाहीत.

गुंड्याच्या दंडावर निळे डाग उठलेत. "कपाटाच्या दाराला लागलं," म्हणतो. त्या कपाटाला लागून लागून डाग पाठीवर कसे गेले, हे मी विचारलं नाही. तसा तो बरा आहे. तू काळजी करू नकोस, तुला वेळही नसेल.

सूनबाईस आशीर्वाद. तिला म्हणावं, नवऱ्याच्या चहातली साखर कमी कर. ती डॉक्टर बदलून कमी होत नाही.

तुझी
आत्या


बुधवार, १९ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

अक्षर वेडंवाकडं दिसेल. मांडीवर पाटी घेऊन लिहिते आहे, टेबल नाही. बाक आहे, तोही हलतो. तू म्हणशील, घरी टेबल असताना बाकावर कशाला बसलीस? म्हातारं माणूस कुठेही बसतं, त्याची चौकशी करू नये.

फोन केला असता, पण तुझी तऱ्हा मला माहीत आहे. "आत्या, बाबा कसे आहेत?" एवढं विचारतेस आणि उत्तर यायच्या आत रडायला लागतेस. मग मी तुझी समजूत घालते, आणि ज्याच्यासाठी फोन केला तो राहतो बाजूला. रडणं हे तुझं बोलणं आहे आणि मीटिंग हे तुझ्या भावाचं. एका आईची दोन लेकरं, दोघंही ऐकायचं टाळण्यात पटाईत.

तुझ्या साखरवाल्याचा निरोप मिळाला. "साखर सुंदर आहे," म्हणाला म्हणे. सुंदर! माणूस वाळून काठी झाला, चेहऱ्यावरचा रंग उडाला, पण त्याच्या कागदावर साखर सुंदर. नवरी मेली तरी चालेल, मेंदी रंगली पाहिजे. आणि तोच तो ना, ज्याने मागे गुंड्याची नाडी धरली, भुवया उंचावल्या आणि "अरे, ठोके चुकताहेत की!" म्हणून नवीन खंड सापडल्यागत ओरडला? त्याच्या आधी हृदयवाल्याने तो खंड पाहून, मोजून, त्यावर झेंडा लावला होता. पण याने विचारलं का, "आजोबा, दुसरीकडून काही औषध चालू आहे का?" विचारलं असेल म्हणा. आणि गुंड्याने तुझ्याकडे पाहून "नाही" म्हटलं असेल. तू शेजारी बसली होतीस. भावाच्या डॉक्टरचं नाव निघालं की तुझे ओठ कसे होतात, ते त्याने तुझ्या आईच्या आजारात पाहिलं आहे.

असो. तुझा हा बाप लहानपणापासून असाच. मार खाईल, पण कुणाने मारलं ते सांगणार नाही. त्याला गुंड्या नाव पडलं तेच मुळी थट्टेने. गल्लीतल्या मांजराला सुद्धा हा वाट सोडायचा.

गेल्या आठवड्यात त्याच्या नाकातून थोडं रक्त आलं. दात घासताना हिरड्यांतूनही येतं. मी म्हटलं, ब्रश बदल. बदलला. मग न्हाणीघरात पाय घसरला. लागलं फारसं नाही, बसल्यासारखा खाली आला. मी आणि शिंपीण दोघींनी मिळून उठवला. शिंपिणीचा नवरा "मी उचलतो, मी उचलतो" म्हणत दारात उभा राहून सूचना देत होता. पुरुषांना उचलायचं म्हटलं की तोंडच आधी लागतं.

थोडा अशक्त आहे. झोपून असतो. तू धावत येऊ नकोस. तू आलीस की तो म्हणेल, साहेबाला का नाही बोलावलं. साहेब आला की म्हणेल, चिमणीला आधी का नाही कळवलं. आणि नंतर तुम्ही दोघं वर्षानुवर्षं मला विचारत बसाल की आधी कुणाला कळवलं होतंस. तो हिशेब माझ्याच्याने होणार नाही.

मला काय होतंय? काही नाही. मध्येच छातीत मासोळी उलटावी तसं होतं, ते दगदगीने. तुझ्या वयाच्या बायकांना पण होतं म्हणे.

नातवंडांना पापे. ती अजून मामाचं नाव घेतात का गं? की तेही घरात बंद कपाटात ठेवलंत?

तुझी
आत्या


मंगळवार, ४ मार्च

चि. साहेब आणि चि. चिमणी यांस,

आशीर्वाद शेवटी देईन, लायकी बघून.

हे पत्र मी दोनदा लिहून काढलं आहे. दोघांना एकच मजकूर, काना-मात्रेचा फरक नाही. मुद्दाम सांगते, नाहीतर एकाला वाटेल दुसऱ्याला जास्त कळवलं. ताडून पाहायचं असेल तर एकमेकांना वाचून दाखवा. माझी काही हरकत नाही.

चिमणे, तुझं पत्र मी लिहिलं तो बाक दवाखान्याच्या वॉर्डातला होता. गुंड्या न्हाणीघरात घसरला नव्हता. बेशुद्ध पडला होता. त्याआधी कितीतरी दिवस त्याला कोळशासारखी काळी शी होत होती, आणि हा शहाणा गुपचूप पाणी ओतून येत होता. पोटात रक्त वाहत होतं. बाटल्या लावल्या, दुसऱ्यांचं रक्त चढवलं, तोंडातून नळी घालून आत बघितलं. आता धोका टळला आहे. तो घरी आहे, खिडकीशी बसलाय आणि मी काय लिहिते ते विचारतो आहे. मी म्हटलं, वाण्याची यादी.

तुम्हाला तेव्हा का कळवलं नाही? मी हातात फोन घेऊन त्या बाकावर बसले होते, आणि आधी कुणाचा नंबर लावू हे मला ठरवता येईना. आत भाऊ पांढराफटक पडलेला, आणि बाहेर मी हा विचार करतेय! माझीच मला किळस आली. मग कुणालाच लावला नाही. तुमच्या घरात राहून मलाही तुमचा रोग लागला, दुसरं काय.

त्याला जरा बरं वाटल्यावर एक परिचारिका आली. उंच, चष्मा, बोलणं तुटक. म्हणाली, "आमचा एकत्र उपचारांचा विभाग आहे. ज्या म्हाताऱ्यांच्या हृदयाचे ठोके बिघडलेत आणि त्याबरोबर बाकीचेही आजार आहेत, त्यांना आम्ही सगळे मिळून एकदम बघतो." मी मनात म्हटलं, आला आणखी एक कप्पा. एवढे डॉक्टर कमी होते, आता डॉक्टरांची एकत्र जत्रा. बारभाईंची खेती, काय लागेल हाती. पण तिने एकच काम सांगितलं. "घरात जेवढं औषध आहे तेवढं एका पिशवीत घालून आणा. चालू, बंद, उरलेलं, शेजाऱ्याने दिलेलं, चोळायचं, चाटायचं, सगळं. निवडून आणू नका."

निवडून आणू नका! किल्ल्या मी गुंड्याच्या सदऱ्यातून काढल्या. दोन्ही कपाटं एकदम उघडी मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

गुरुवारी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. लांब टेबल, त्याभोवती दवाखान्याचा हृदयवाला, साखरवाला, मूत्रपिंडांची बाई आणि औषधांची जाणकार. व्याही-विहिणी पहिल्यांदा भेटावेत तसे घसे खाकरत बसले होते. परिचारिकेने माझी पिशवी घेतली आणि सरळ टेबलावर उलटी केली. मला लाज वाटली, चारचौघांत कुणी घरची अंथरुणं झटकावीत तशी. गोळ्यांची पाकिटं घरंगळत साखरवाल्याच्या मांडीपर्यंत गेली. शिंप्याने दिलेलं घोड्याच्या चित्राचं तेलही निघालं. हृदयवाला ते हातात घेऊन म्हणाला, "हे कशासाठी?" मी म्हटलं, "घोड्यासाठी. पण आमच्याकडे गाढवच आहे."

मग त्यांनी पाकिटं एकसारखी लावायला घेतली. ही साखरेची, ही दाबाची, ही लघवीची. आणि दोन पाकिटं उरली, शेजारी शेजारी. एक निळं, एक केशरी. वर मोठ्या अक्षरांत दोन वेगळी नावं. खाली बारीक अक्षरांत एकच नाव. आत एकच औषध. रक्त पातळ करायचं. ठोके चुकले की हृदयात गुठळी होते, ती मेंदूत जाऊ नये म्हणून देतात ते. साहेब, निळं तुझं. चिमणे, केशरी तुझं. गुंड्या दोन्ही घेत होता, पूर्ण मात्रेत, सकाळ-संध्याकाळ. त्यात मूत्रपिंडं दमलेली, त्यांच्या मानाने एक पाकीटसुद्धा जास्तच होतं, म्हणाली ती बाई. आणि हाडवाल्याच्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोट आधीच सोललेलं. दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात. आमचा पाहुणा दोन्ही घरचं पोटभर जेवला आणि मरायला टेकला.

शोधायला काही अक्कल लागली नाही, बरं का. दोन पाकिटं फक्त एका टेबलावर यावी लागली. ती येऊ नयेत म्हणूनच तर आपण सगळे गेली चार वर्षं झटत होतो.

तिथल्या हृदयवाल्याने तुमच्या दोघांच्या डॉक्टरांना माझ्यासमोर फोन लावले. दोघेही म्हणाले, "दुसरीकडून चालू आहे याची आम्हाला कल्पना दिली नव्हती." शब्द तेच, सूर तोच. तुमची निवड चुकली नाही, मुलांनो. माणूस आपल्यासारखाच डॉक्टर शोधतो.

हे सगळं पचलं असतं. म्हाताऱ्याला कळलं नाही, झालं, असं म्हणून सोडून दिलं असतं. पण मी त्याची बहीण आहे. वॉर्डात परत आले, त्याच्या उशाशी बसले, आणि मला ते बारीक अक्षर आठवलं.

तुमचा बाप छापखान्यात मुद्रितं तपासायचा. आख्खा जन्म त्याने तेच केलं. मला शाळेत घातलं नव्हतं. तो कामाला लागल्यावर चुका भरलेली रद्दी प्रुफं घरी आणायचा, त्यावर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे मला बरोबर शब्दाच्या आधी चुकीचा शब्द ओळखता यायला लागला. आणि त्याचं तर विचारूच नका. खाऊच्या पुडीचा कागद असो की आगगाडीचं तिकीट, हा वाचल्याशिवाय हातावेगळं करत नाही. अजूनही चष्म्याखाली भिंग धरून बिस्किटाच्या पुड्यावरची अक्षरं वाचतो. असा माणूस रोज दोनदा तोंडात टाकायची वस्तू न वाचता टाकेल?

मी विचारलं, "गुंड्या, पाकिटं वाचली होतीस?"

तो छताकडे बघत राहिला. म्हणाला, "वाचली."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"एकच औषध आहे हे कळलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग मेल्या, बंद का नाही केलीस एक?"

तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "कुणाची बंद करू, आक्का?"

मी शिव्या दिल्या. म्हटलं, गाढवा, गोळी बंद करायची होती, पोर नव्हे. तर म्हणतो, "साहेब आला की पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजतो. चिमणीपण मोजते. एकाची भरलेली राहिली असती तर त्याला वाटलं असतं, बाबांनी तिचं ऐकलं. तुझ्या भावजयीच्या वेळी बघितलंस ना तू." मी म्हटलं, "कमोडात टाकायची होतीस एकेक." तर हा काय म्हणाला असेल? "मुलांनी आणलेली वस्तू टाकवत नाही गं."

हा तुमचा बाप. याला मूर्ख म्हणावं तर मूर्खांचा अपमान होईल. जन्मभर दुसऱ्यांच्या चुकांभोवती लाल गोल काढले, आणि जी चूक स्वतःच्या जिवावर उठली तिला खूण न करता तशीच जाऊ दिली. कारण ती चूक तुमची होती.

तुम्ही मोजायला येत होता! वा रे प्रेम. पोलीस चौकीतसुद्धा कैद्याला एकच शिपाई मोजतो. तुमची आई गेली, तिला तुमच्यापैकी कुणी मारलं नाही. तिचं वय झालं होतं आणि तिचा आजार मोठा होता. ना उशिराने गेली, ना घाईने. पण बाप मात्र तुम्ही दोघांनी मिळून मारायला काढला होता. भाऊ-बहिणीने मिळून केलेलं चार वर्षांतलं हे एकच काम, तेही न ठरवता.

झालं. शिव्या संपल्या. आता कामाचं.

त्या खोलीत त्यांनी त्याच्या गोळ्या निम्म्यावर आणल्या. पोटाची जखम भरली की रक्त पातळ करायची एकच गोळी परत सुरू करायची, त्याच्या मूत्रपिंडांना सोसेल एवढ्या मात्रेची. ती न देऊन चालणार नाही, नाहीतर झटका येईल. हाडवाल्याचं सगळं बंद. त्याऐवजी एक मुलगी येऊन खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे व्यायाम शिकवते. गुंड्या तिच्यासमोर लाजतो. काही वाटलं तर एकाच नंबरवर फोन करायचा, ती चष्मेवाली उचलते. मीटिंगमध्ये आहे असं म्हणत नाही. मी शपथेवर सांगत नाही की हे लोक देव आहेत. हृदयवाला आणि मूत्रपिंडांची बाई मात्रेवरून अशी भांडली की मला आपलं घर आठवलं. फरक एवढाच, की ती दोघं एका टेबलाशी बसून भांडली, आणि उठली तेव्हा एकच आकडा ठरला होता.

शेवटी परिचारिका गुंड्याच्या खाटेशी येऊन म्हणाली, "घरी औषधं सांभाळणारं एक माणूस ठरवा. एकच. काही बदललं की आम्ही त्यालाच कळवणार, आणि बाकी कुणी एक गोळीही आणून द्यायची नाही." गुंड्या लगेच म्हणाला, "आक्काचं नाव घाला." मला माहीतच होतं. तो कुणाचंही नाव घेऊन कुणालाही दुखावणार नाही. मीही मान डोलावली. माझ्यामागे काय काम आहे?

मग बाहेर तिच्या टेबलाशी मी सही करायला पुढे वाकले, तेव्हा तिने माझं मनगट धरलं. मला वाटलं, सही कुठे करायची ते दाखवतेय. पण ती धरूनच राहिली. घड्याळाकडे बघत राहिली. मी म्हटलं, "अहो, पेशंट तो आहे." ती म्हणाली, "आत्या, तुम्हाला हे कधीपासून होतंय?"

तुझं ते यंत्र, साहेब. लायकीचं नव्हतं म्हटलं होतं मी. ते बिचारं खरं बोलत होतं.

कधीपासून होतंय ते मी तिला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही सांगणार. शिंपिणीच्या दाराचा रंग मला पाठ आहे, एवढंच समजा. मला कळत होतं. पण म्हटलं, एका म्हाताऱ्याला दोन कपाटं लागली. माझं कळलं तर माझ्या गोळ्या कुणी आणायच्या यावरून तिसरं कपाट निघायचं. दोघंही आणाल, मला तर खात्रीच आहे. आणि मग मी कुणाची घेऊ? बघा, मी गुंड्याला शिव्या देतेय आणि आम्ही दोघं एकाच आईचं दूध प्यायलो आहोत.

ती म्हणाली, "सांभाळणारं माणूस म्हणून तुमचं नाव मला घेता येणार नाही. पुढच्या वेळी तुम्हीही तपासायला यायचं. तुम्हालाच सांभाळणारं माणूस लागणार आहे." आणि तिने ती जागा कोरी ठेवली.

गुंड्याला हे सांगितलेलं नाही. त्याला कळलं तर स्वतःच्या गोळीतली अर्धी मोडून मला देईल. तेवढा तो मूर्ख आहेच.

तेव्हा ऐका. गुरुवार, २० मार्च, सकाळी दहा वाजता, त्याच खोलीत. दोघांनी यायचं. साहेब, मीटिंग असेल तर मोड. चिमणे, रडायचं असेल तर गाडीत रडून घे. येताना हातात एकही पाकीट नको. दोघांनी मिळून एक नाव ठरवून यायचं, तुझं की तुझं, मला काही सुखदुःख नाही. ज्याचं नाव असेल त्याने दिलेल्या गोळ्या दुसऱ्याने मोजायला यायचं नाही. ठरलं नाही तर तिथे बसून भांडा, टेबल लांब आहे, पण ठरल्याशिवाय उठू नका. कारण ते नाव आता दोघांसाठी लागणार आहे. गुंड्यासाठी आणि माझ्यासाठी.

तुमची आई गेल्यापासून जिथे कुठे तुम्ही दोघं एका खोलीत आलात, तिथे मधल्या खुर्चीवर मी बसत आले. या वेळी मी टेबलाच्या पलीकडे, भावाशेजारी, पेशंटच्या बाजूला बसणार आहे. तुमच्यामधली खुर्ची रिकामी असेल. तिच्यावर पिशव्या ठेवून वेळ मारून नेऊ नका. एकाने सरकून बसा.

किल्ल्या मी विहिरीत टाकणार होते, पण विहीर कुठली आली इथे? वाण्याच्या दुकानासमोरच्या गटारात टाकल्या. आता कपाटं उघडीच असतात.

आशीर्वाद त्या दिवशी देईन, दोघांच्या डोक्यावर एकदम हात ठेवता आला तर.

तुमची दोघांची
आत्या